खारी विहीर आणि कुलूपबंद कपाट : वऱ्हाडातील शालेय विज्ञानाचा दीडशे वर्षांचा इतिहास (थ्रेड)

१/ वऱ्हाडाच्या इतिहासावरील चर्चा बहुधा गाविलगड, नरनाळा, इमादशाही आणि १८०३ मधील अडगावची लढाई यांच्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत थ्रेडचा विषय वेगळा आहे. अमरावती शहराच्या पश्चिमेस असलेल्या भातकुलीसारख्या तालुक्यात माध्यमिक शाळेतील विज्ञान पुस्तकापुरते का उरले, याचा हा इतिहास आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष काहींना कटू वाटेल. हे केवळ दारिद्र्यामुळे घडलेले नाही. प्रत्येक वळणावर कोणीतरी निवड केली आणि दर वेळी निवड चुकली.

२/ नेहमीचे स्पष्टीकरण सर्वांना पाठ आहे : "खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, म्हणून विज्ञान फळ्यावरच शिकवावे लागते." हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य पूर्ण असत्याहून अधिक काळ टिकते. साहित्याची वाण खरी आहे. परंतु ज्या तालुक्यात रसायनशास्त्राचा एक मूलभूत धडा जमिनीखालच्या पाण्यातच विरघळलेला आहे, तेथे "प्रयोगाला काही नाही" असे म्हणणे म्हणजे नदीकाठी बसून तहानेची तक्रार करणे होय.

३/ आधी भूगोल. भातकुली हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. उत्तरेस सातपुड्याचे गाविलगड डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मधल्या खोलगट खोऱ्यात गाळाचे व चिकणमातीचे जाड थर. पाण्याचा निचरा मंद, उन्हाळा कडक. त्यामुळे क्षार वाहून जाण्याऐवजी साचत राहिले. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते.

४/ आता दहावीचे पुस्तक. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पाठ्यपुस्तकात दुहेरी विस्थापन अभिक्रियेचे उदाहरण आहे : सोडियम क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घातले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप मिळतो. राज्यभरातील विद्यार्थी हे समीकरण घोकतात. त्यांतील बहुतेकांना त्यासाठी मिठाचे पाणी मुद्दाम तयार करावे लागेल. खारपाणपट्ट्यातील विद्यार्थ्याला केवळ पोहरा विहिरीत सोडायचा आहे. तरीही पांढरा अवक्षेप त्याने बहुधा छापील अक्षरांतच पाहिलेला असतो. हे कसे घडले?

५/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर या प्रदेशात विज्ञान आले, आणि ते शाळेच्या दारातून आले नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई जाणवली. वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साम्राज्याचे लक्ष वळले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी कापूस आयुक्त नेमण्यात आले; हॅरी रिव्हेट-कारनॅक हे त्या पदावरील प्रसिद्ध नाव. बियाणे, माती, धाग्याची लांबी, गाठींचे वजन, रेल्वेने लागणारा वेळ, सर्वांची मोजणी झाली.

६/ म्हणजेच वऱ्हाडची माती हा विज्ञानाचा विषय होऊ शकतो, हे इंग्रज सरकारला पूर्ण ठाऊक होते. मात्र ती मोजणारी माणसे एका बाजूला आणि त्या मातीत राबणारी माणसे दुसऱ्या बाजूला होती. त्याच दशकांत अमरावती आणि अकोल्याला हायस्कुले उभी राहिली, पण त्यांचे ध्येय होते मॅट्रिक. मॅट्रिकनंतर कचेरीतील कारकुनी, वकिली, किंवा पुढील शिक्षणासाठी परगाव. मातीचे ज्ञान सरकारी अहवालात राहिले आणि शाळेत आले इंग्रजी व्याकरण. ही फाळणी वऱ्हाडातील शालेय विज्ञानाचा पाया ठरली.

७/ १८८२ हे वर्ष इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी दोन घटना घडल्या. पहिली : मिठावरील सरकारी नियंत्रण घट्ट करणारा कायदा झाला. पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याची जुनी रीत होती. पाणी उपसायचे, उन्हात आटवायचे, खाली राहिलेले मीठ गोळा करायचे. बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण हे शब्द न वापरता केलेले ते रसायनशास्त्रच होते. इंग्रजी अंमलात हा उद्योग बंद पडला. लोकांच्या हातातील एक प्रयोग सत्तेने काढून घेतला.

८/ दुसरी घटना : त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे, ही त्यांची मागणी प्रसिद्धच आहे. तितकीच महत्त्वाची पण कमी उद्धृत होणारी बाब म्हणजे त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम असावेत, असे त्यांनी मांडले. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्याशी संबंधित ज्ञान शाळेत मिळावे, एवढा सरळ हा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही.

९/ पुढील अर्धशतकात संस्था वाढल्या. १९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ही मोठी प्राप्ती होती, यात शंका नाही. परंतु महाविद्यालय आले की हायस्कूल त्याची पायरी बनते, आणि पायरीचे काम वर पोहोचवणे एवढेच मानले जाते. जे वर पोहोचणार नाहीत, म्हणजे बहुसंख्य, त्यांना विज्ञानातून काय मिळावे, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता.

१०/ एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडने याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी दिले. दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाने काय करावे, असा प्रश्न होता. सत्याग्रहींनी अकोल्याजवळील दहिहंडा निवडले. कारण उघड होते : तेथील विहिरी खाऱ्या होत्या. विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पाठ्यपुस्तके या सत्याग्रहाला एखादी ओळ देतात, ती इतिहासाच्या पुस्तकात. त्यातील विज्ञान कोणीही विज्ञानाच्या पुस्तकात आणले नाही.

११/ दहिहंडाच्या सत्याग्रहाचा धडा विलक्षण आहे. ज्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या शाप मानले, त्याच पाण्यातील क्षार राजकीय शस्त्र झाले. ते वापरण्यासाठी लोकांना आपल्या विहिरीतील पाण्याचे गुणधर्म माहीत असावे लागले. हे ज्ञान त्यांनी कोणत्याही हायस्कुलात मिळवले नव्हते, ते परंपरेने आणि अनुभवाने त्यांच्याजवळ होते. वऱ्हाडातील हायस्कूल मात्र त्या काळीही परदेशी पुस्तकांतील उदाहरणे गिरवत होते.

१२/ १९३२ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पापळच्या शेतकरी कुटुंबातून एडिंबरोपर्यंत गेलेल्या आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेल्या या माणसाने हायस्कूल वऱ्हाडातील खेड्यांच्या जवळ आणले. दार उघडले, हे कर्तृत्व त्यांच्या पिढीचे. दाराच्या आत काय शिकवावे, हे ठरवण्याची सत्ता मात्र शिक्षण खात्याकडे आणि परीक्षा मंडळाकडे राहिली. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत आला, पण त्याचे शेत बाहेरच राहिले.

१३/ ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तीतून नई तालीमची योजना पुढे आली. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान हा स्वतंत्र विषय होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लोकांच्या आठवणीत केवळ चरखा राहिला. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. दोन्ही योजना विझल्या. याचे एक कारण असे की त्यांच्याविरुद्धचा एक आक्षेप खरोखर वजनदार होता, आणि तो आजही तितकाच वजनदार आहे.

१४/ तो आक्षेप असा : "शहरातील मुलाला भौतिकशास्त्र आणि आमच्या मुलाला सूत व शेती? म्हणजे आमच्या मुलाने पुन्हा आमच्याच धुऱ्यावर उभे राहायचे?" हा आक्षेप उडवून लावणारे लोक स्वतःच्या मुलांना कुठल्या शाळेत घालतात, हे पाहिले की त्याची धार कळते. दुय्यम अभ्यासक्रम हा सापळा आहे आणि बहुजन पालकांनी तो ओळखला, हे योग्यच झाले. फुले यांनी मागितलेले शेतीचे ज्ञान हे उच्च शिक्षणाला पर्याय म्हणून मागितलेले नव्हते.

१५/ परंतु या आक्षेपातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. समान अभ्यासक्रम म्हणजे समान उदाहरणे, असे मानले गेले. सिल्व्हर नायट्रेटची अभिक्रिया मुंबईत आणि भातकुलीत एकच आहे, समीकरण एकच आहे, गुणही तितकेच आहेत. परीक्षानळीतील पाणी तेवढे कोठले, इतकाच फरक आहे. गावच्या विहिरीचे पाणी वापरल्याने विज्ञान गावठी होत नाही. ते खरे होते, कारण विद्यार्थी प्रथमच असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते.

१६/ आता थोडे उत्तरेकडे, सातपुड्यापलीकडे. होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) आणि अमरावती हे जिल्हे १९०३ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रशासनाखाली, नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि होशंगाबाद मध्य प्रदेशात राहिले. पुढे सोळा वर्षांनी होशंगाबादेत जे घडले, ते पाहताना हा समान वारसा विसरू नये. तेथील खेडी वऱ्हाडातील खेड्यांहून श्रीमंत नव्हती.

१७/ १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरे नव्हती, प्रयोग आणि प्रश्न होते. साहित्य स्वस्त, पुष्कळसे परिसरातून मिळणारे. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण परीक्षा स्मरणाची नव्हती. जोडीला प्रात्यक्षिक परीक्षाही होती. ही नमुना शाळा नव्हती. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक आणि शेतकऱ्यांची मुले होती.

१८/ हा कार्यक्रम शेकडो शाळांपर्यंत पोहोचला, तीस वर्षे टिकला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. राज्यभर एकच अभ्यासक्रम, हा आग्रह जिंकला. म्हणून "खेड्यात प्रयोगाधारित विज्ञान अशक्य आहे" हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ते शक्य होते, तीन दशके चालले आणि शासकीय आदेशाने थांबले. अशक्य असणे आणि बंद केले जाणे यांतला फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी कळला पाहिजे.

१९/ महाराष्ट्रात काय झाले? कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान आणि गणित सर्वांना अनिवार्य करावे, असे सुचवले. दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. आज दहावीला विज्ञानाची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे आहे. कागदावर प्रयोगाला पाचवा हिस्सा आहे.

२०/ प्रत्यक्षात त्या २० गुणांचे काय होते, हे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी सर्वांनाच ठाऊक आहे. आदल्या वर्षीची प्रयोगवही उतरवून घेतली जाते. निरीक्षणाच्या रकान्यात न पाहिलेले रंग लिहिले जातात. काचेचे सामान कुलूपबंद कपाटात सुरक्षित राहते, कारण फुटले तर हिशेब द्यावा लागतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो आणि प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती धूर सोडते. ज्या खोऱ्यात क्षारांचा प्रश्न दारात उभा आहे, तेथे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा हा ज्वालामुखी बक्षीस मिळवतो.

२१/ यात सर्वांत गंभीर बाब अप्रामाणिकपणाच्या शिक्षणाची आहे. न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहायला लावणे म्हणजे पंधराव्या वर्षी खोटी साक्ष शिकवणे होय. इतिहासप्रेमींना हे लवकर उमगावे : बनावट सनद आणि बनावट निरीक्षण ही सख्खी भावंडे आहेत. पुरावा तपासण्याची सवय दोन विषयांत वेगवेगळी नसते. विज्ञानाच्या तासाला ती मेली, तर इतिहासाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक अफवेपुढे मन निःशस्त्र होते.

२२/ आणि पणाला काय लागले आहे? खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची भीती वर्षानुवर्षे घराघरांत आहे. गावोगावी आरओचे पाणी विकत घेतले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. दहावी उत्तीर्ण झालेल्या किती जणांना पाणी तपासणीचा अहवाल वाचता येतो? आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले अधिक खारे पाणी कोठे जाते, हा प्रश्न किती वर्गांत विचारला जातो?

२३/ शेताचेही तेच. सोडियमचे प्रमाण वाढले की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. पाणी झिरपत नाही, जमीन चोपण होते. जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो, म्हणून जिप्सम टाकतात. हे आयनांचे विस्थापन आहे, माध्यमिक शाळेच्या आवाक्यातले. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आज ते पंजाबरावांच्याच नावाने ओळखले जाते. तेथील माती-पाण्याचे ज्ञान आणि शाळेचा वर्ग यांच्यातील अंतर मात्र रस्त्याच्या अंतराहून फार मोठे आहे.

२४/ उपाय महागडे नाहीत. एक : प्रात्यक्षिकाच्या २० गुणांत गावच्या पाण्याचा एक प्रयोग अनिवार्य करावा. अर्धा लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात आटवले की तळाशी राहणारा पांढरा थर कोणत्याही प्रतिकृतीहून अधिक बोलका असतो. दोन : क्षार मोजणारे लहान मापक काही शे रुपयांत मिळते. प्रत्येक शाळेने मे आणि ऑक्टोबर महिन्यांत ठरावीक विहिरींची पातळी व क्षारता नोंदवावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवतेच. शाळेची नोंद तिच्याशी ताडून पाहता येईल.

२५/ तीन : प्रयोगवहीत चुकलेल्या प्रयोगालाही पूर्ण गुण मिळावेत, अट एवढीच की तो केलेला असावा. "अवक्षेप मिळाला नाही, द्रावण बहुधा फार विरल होते" हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी वैज्ञानिक आहे. नकललेले अचूक निरीक्षण लिहिणारा नाही. "वेळ नाही, पोर्शन संपत नाही" ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. तिचे उत्तर शिक्षण खात्याने पाठ कमी करून द्यावे. दीडशे वर्षे प्रयोग कमी करून ते देण्यात आले आहे.

२६/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांचे येथे स्वतंत्र काम आहे. पूर्णेच्या आणि पेढीच्या काठच्या गावांत कोणती विहीर गोडी आणि कोणती खारी, तिचे नाव काय, ती कोणी खणली, कोणत्या दुष्काळात आटली, याची माहिती वृद्धांच्या स्मरणात आहे. ती त्यांच्याबरोबर नाहीशी होत आहे. ती लिहून घ्यावी, आणि जवळच्या शाळेतील मुलांकडून त्याच विहिरीचे पाणी मोजून घ्यावे. दहा वर्षांनी ती वही इतिहासाचे साधनही असेल आणि विज्ञानाचेही.

२७/ १८८२ मध्ये निवेदन दुर्लक्षिले गेले, १९३७ नंतर योजना विझली, २००२ मध्ये पलीकडचा कार्यक्रम बंद झाला. दर वेळी कारण वेगळे सांगितले गेले, परिणाम एकच झाला : शेतकऱ्याच्या मुलाला विज्ञानाचे शब्द मिळाले, विज्ञान मिळाले नाही. १९३० मध्ये दहिहंडाच्या लोकांनी विहिरीचे पाणी आटवले तेव्हा ते कायद्याने गुन्हेगार ठरले. आज तसे करायला कोणताही कायदा आडवा येत नाही. आडवे येते ते कपाटाचे कुलूप, आणि त्याची किल्ली शाळेतच आहे.

#वऱ्हाड #खारपाणपट्टा #शिक्षणाचाइतिहास